समोरच्याचं दान

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जंगल संपतं आणि शेतं सुरू होतात, तिथे सोनतळं नावाचं एक गाव होतं. त्या गावाच्या अगदी टोकाला एक इवलंसं घर होतं, घरामागे एक इवलीशी बाग होती, आणि त्या बागेत दिवसभर मातीत हात घालून बसणारी एक इवलीशी मुलगी होती. तिचं नाव तानी.

तानीची आई यमुना रोपं तयार करून विकायची. वांग्याची जांभळ्या देठांची रोपं, मिरचीची पोपटी रोपं, झेंडूची, टोमॅटोची, आणि कुंपणावर चढलेला एक लांबलचक भोपळ्याचा वेल. सकाळी दव पडलं की सगळे वाफे चमचम चमचम करायचे. तानी प्रत्येक वाफ्याशी बोलायची. "काय गं मिरच्यांनो, झोप झाली का?" असं विचारून मगच झारीने पाणी घालायची. यमुनेच्या हाताला गुण होता. म्हणजे पूर्वी होता. म्हणजे तसा अजूनही होताच, पण गावाचं मत बदललं होतं.

त्याचं असं झालं, बाळांनो. दिवाळीच्या पाडव्याला सोंगट्यांचा पट मांडून खेळायचं ही रीत फार जुनी. त्या दिवशी कैलासावर पार्वतीमाता आणि महादेव खेळायला बसले, पार्वतीमाता जिंकली आणि महादेव हरले, असं जुनी माणसं सांगतात. म्हणून घरोघरी डाव मांडतात आणि पैज लावतात. कुणी सुपाऱ्या लावतं, कुणी करंज्या लावतं. सोनतळ्याची पैज मात्र जगावेगळी होती. तिथे लोक हातगुण लावायचे!

पाडव्याच्या सकाळी देवीच्या देवळापुढे एक घागर ठेवायची. तिच्यात प्रत्येक घराचं एक झेंडूचं फूल. सगळी फुलं पिवळी, फक्त दोन लाल. प्रत्येक घरातल्या एकाने न बघता घागरीत हात घालायचा. लाल फुलं ज्या दोघांच्या हाती येतील ते पटावर बसायचे. जो जिंकेल त्याचा हात लाभाचा. त्याच्याच हातून गावाच्या हरभऱ्याची पहिली मूठ पेरायची. आणि जो हरेल त्याचा हात झाला हरता हात. हरत्या हाताचं काही घ्यायचं नाही, त्याला कुठल्या कामाला बोलवायचं नाही. कधीपर्यंत? तर त्या घराला पुन्हा लाल फूल मिळून ते जिंकेपर्यंत. आता घागरीत फुलं केवढी आणि त्यात लाल किती! दोन घरं तर वाट पाहून पाहून गाव सोडून गेली होती.

गेल्या पाडव्याला यमुना हरली. पटावरच्या एका घराने हरली हो, एकाच! जिंकली ती गोजरा पाटलीण. तेव्हापासून यमुनेच्या वाफ्यांकडे कुणी फिरकेना. कुणी वाईट बोललं, असंही नाही. उलट सगळी जास्तच गोड बोलायची. "कसं काय यमुने, बरं हाय ना?" म्हणायची, आणि रोपं आणायला पलीकडच्या गावच्या बाजाराला जायची. यमुनेची रोपं वाफ्यातच वाढून जून व्हायची. घरात भाकरी असली तर कालवण नसायचं आणि कालवण असलं तर भाकरी नसायची. मायलेकी एकमेकींना "माझं पोट भरलं" असं सांगायच्या, आणि दोघीही खोटं बोलायच्या.

सगळ्या गावात एकच माणूस दिवसाढवळ्या त्यांच्याकडे यायचा. हैबतीआबा कुंभार. नाव हैबती, पण स्वभाव असा की मुंगी आडवी आली तर आबा थांबून तिला आधी जाऊ द्यायचे. ते दर पंधरवड्याला खांद्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन यायचे, रोपं मागायचे आणि आपल्या दारात फुटक्या मडक्यांत लावायचे. झाडाला वांगी लटकली की रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "यमुनेच्या हातची हायत बरं का!" लोक माना डोलवायचे आणि पुढे जाऊन म्हणायचे, कुंभाराची माती चांगली, दुसरं काय.

पण एका म्हाताऱ्या कुंभाराच्या ज्वारीवर दोन पोटं किती दिवस चालणार? पुन्हा दिवाळी आली. आळीत चकलीचा खमंग वास सुटला. यमुनेने घरातली दोन पातेली आणि दोन लुगडी बांधून एक बोचकं दाराशी ठेवलं.

"तानू," ती म्हणाली, "उद्या पाडवा. माझा हात हरता, मला घागरीत हात घालता येनार न्हाई. तू घाल. लाल फूल आलं आन तू जिंकलीस, तर ऱ्हाऊ. न्हाईतर परवा मामाच्या गावाला जाऊ."

"आन माझे वाफे?" तानीने विचारलं.

 आई चुलीतली राख उगाचच सारखी करत बसली.

पाडव्याची पहाट उजाडली. आभाळ गुलाबी गुलाबी झालं. तानी झारी घेऊन बागेत गेली, तो काय! कुंपणावरचं भोपळ्याचं एक पिवळंधमक मिटलेलं फूल आपलं आपणच थरथरत होतं. आतून आवाज येत होता, गुणगुण गुणगुण.

"अगं बाई, भुंगेराव, अडकलात व्हय?" तानी म्हणाली. फूल तोडून झटकलं असतं तर एका क्षणात काम झालं असतं. पण त्या फुलाखाली बोराएवढा हिरवा भोपळा धरला होता. तानी खाली बसली. तिने फुलावर हळूच ऊन ऊन फुंकर घातली. मग चिमटीत एक पाकळी धरून अलगद उलगडली, मग दुसरी, मग तिसरी. एकही फाटली नाही.

आणि फुलातून बाहेर आला तो भुंगा नव्हता. ती होती एक बोटभर उंचीची परी! तिच्या घागऱ्याला चार रंगांचा घेर होता, लाल, पिवळा, हिरवा आणि काळा, अगदी पटावरच्या सोंगट्यांसारखा. डोक्यावर इवल्याशा कवडीचा मुकुट. पंखांवर पिवळे परागकण चिकटून लकलक करत होते. ती आधी भली मोठी शिंकली.

"कालपासून नुसती अडकतेच आहे मी!" परी म्हणाली. "इथे टेकले, डोळा लागला आणि फुलाने दार लावून घेतलं. तू मला सोडवलंस, आणि माझ्या बिछान्याची पाकळीसुद्धा दुखावली नाहीस. मी कवडुली. पाडव्याच्या कवड्या मी पाडते."

 तानीने घाईघाईने हात जोडले. "कवडुलीताई, मग मला आज जिंकव ना! लाल फूल दे आन सगळी मोठी मोठी दानं दे!"

बाळांनो, कवड्या टाकल्यावर जे पडतं त्याला दान म्हणतात. तानीला तेच हवं होतं.

परी तिच्या अंगठ्यावर येऊन बसली. "फूल माझ्या हाती नाही, ते ज्याचं त्याला येतं. कवड्यांचं मात्र देते. पण माझ्या देण्याला नियम आहेत. स्वतःचं दान स्वतःला मागता येत नाही. फक्त समोर बसलेल्याचं मागता येतं. कानाच्या पाळीला बोट लाव, डोळे मीट आणि मनात म्हण, त्याच्या कवड्या तशाच पडतील. आणि डाव संपेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस की माझ्या कवड्या मुक्या होतील."

तानी हिरमुसली. "समोरच्याचं दान मागून मी काय करू?" आणि मग एकाएकी तिचे डोळे चमकले. "मोठंच मागायला पायजे असं न्हाई ना? लहान मागितलं तर?"

"तर लहान पडेल," परी म्हणाली. तिने चांगलंही म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. पंखांवरचे पराग झटकून ती भुर्रकन उडाली. तिच्यामागे सोनेरी धुळीची एक बारीकशी रेघ थोडा वेळ तरंगत राहिली.

तानी नाचत नाचत देवळाकडे निघाली. समोर कुणीही येऊ दे! एक आबा सोडले तर गावातल्या कुणीही वर्षभर एक रोप घेतलं नव्हतं. त्यांच्या कवड्या पालथ्या पडल्या तर तिला काय त्याचं!

देवळापुढचं अंगण रांगोळ्यांनी रंगून गेलं होतं. मधोमध मखमलीचा पट अंथरला होता. नव्या लुगड्यांची सळसळ चालली होती, मुलांच्या हातात करंज्या होत्या. यमुना मात्र अंगणाच्या बाहेर, कडुलिंबाखाली उभी होती, कारण हरत्या हाताने आत यायचं नसतं. गोजरा पाटलीण घागरीजवळ बसून एकेकाला बोलावत होती. पिवळं. पिवळं. पुन्हा पिवळं. प्रत्येकजण आपलं पिवळं फूल पाहून हुश्श करत होता. तानीची पाळी आली. तिने घागरीत हात घातला, डोळे घट्ट मिटले आणि हात वर काढला.

लाल!

"आलं गं बाई!" कडुलिंबाखालून आईचा आवाज आला.

आता दुसरं लाल कुणाचं? तानी प्रत्येक हाताकडे बघत होती. पिवळं, पिवळं, पिवळं. आणि मग हैबतीआबा काठी टेकत आले, त्यांनी घागरीत हात घातला, आणि त्यांच्या मातकट बोटांत लालभडक फूल होतं.

 सगळ्या गावात दुसरा कुणी मिळाला नाही? आबांच्या आव्यात आता वर्षाची मडकी भाजायची होती. आबा हरले तर त्यातलं एक मडकं कुणी विकत घेणार नव्हतं. घरी त्यांची म्हातारी होती, तिला धड दिसतही नव्हतं. आबांनी हरायचं म्हणजे त्या दोघांनी उपाशी राहायचं. आणि तानीने हरायचं म्हणजे बोचकं उचलायचं.

"बस की पोरी," आबा म्हणाले. "घाबरू नगंस. खेळच हाय."

दोघं पटावर बसली. एरवी माणसं चार चार सोंगट्या घेऊन दिवसभर खेळतात, पण या डावात एकेकच सोंगटी. तिला पटाभोवती फिरवून मधल्या घरात आधी आणेल तो जिंकला. कवड्या सात. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे जायचं. सातही उताण्या पडल्या तर त्याहून मोठं दान नाही, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर जागीच बसायचं. धाकट्याने पहिल्यांदा टाकायचं, म्हणून तानीने कवड्या घोळवल्या आणि टाकल्या.

खळ्ळ! सातही उताण्या!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तानीला वाटलं, वा, आज नशीब आपलं आपणच चाललंय. मग आबांनी कवड्या उचलल्या. तानीने कडुलिंबाकडे पाहिलं. आईने पदर तोंडाशी घट्ट धरला होता. तानीने पटकन कानाच्या पाळीला बोट लावलं, डोळे मिटले आणि मनात म्हटलं, पालथ्या पडू देत.

खळ्ळ. सातही पालथ्या.

"अरे वा!" आबा खो खो हसले. "माझ्या कवड्यांना अजून झोपच आलीया जनू! घे पोरी, टाक. तुझं झ्याक पडतंय." आणि त्यांनी दोन्ही हातांनी कवड्या गोळा करून तिच्यापुढे सरकवल्या.

तानीने ते हात पाहिले. नखांत माती होती. कितीही धुतली तरी न जाणारी, कुंभाराची माती. याच हातांनी वर्षभर ज्वारी आणली होती. ज्या दिवशी घरात काहीच नव्हतं त्या दिवशी याच हातांनी दाराची कडी वाजवली होती.  तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. तिने कशाबशा कवड्या टाकल्या.

पुन्हा सातही उताण्या.

आबांनी कवड्या घेतल्या. तानीने पुन्हा पाळीला बोट लावलं. या वेळी तिने डोळे इतके घट्ट मिटले की पापण्यांना पाणी आलं. मोठं पडू दे. सगळ्यात मोठं पडू दे. आबांना जिंकू दे.

सात! लोक उठून उभे राहिले. मग तानीचे सात. मग आबांचे सात. मग पुन्हा तानीचे. असा डाव सोनतळ्याने कधी पाहिला नव्हता. मुलांच्या करंज्या हातातल्या हातात राहिल्या. दोन सोंगट्या, एक लाल आणि एक हिरवी, पटावरून जणू उड्या मारत पळत होत्या. पण लाल तानीची होती, आणि ती पुढे होती. त्या एका पालथ्या दानाने आबा मागे पडले होते ते मागेच राहिले होते.

माझ्या कवड्या का थांबत न्हाईत? तानीला कळेना. स्वतःचं तर मागताच येत नाही. तिने समोर पाहिलं. आबांनी डोळे मिटले होते. त्यांचं मातकट बोट त्यांच्या कानाच्या पाळीला लागलं होतं.

तानी पटावर पुढे वाकली.

"आबा," ती अगदी हळू म्हणाली, "नका ना मागू."

आबांनी एक डोळा उघडला. "काय मागतोय मी? कानाला खाज सुटलीया." आणि त्यांनी तो डोळा परत मिटला.

लाल सोंगटी मधल्या घरापासून फक्त सात घरांवर आली. तानीने कवड्या मुठीत धरल्या आणि ती तशीच बसून राहिली. टाकल्या तर आबा हरणार. नाही टाकल्या तर आई घर सोडणार. तिच्या छोट्याशा मुठीत कवड्या घामेजल्या.

"टाक की गं!" गोजरा पाटलीण म्हणाली.

"टाक, पोरी," आबाही म्हणाले. "आई बघ कवाची हुबी हाय."

तानीने कवड्या टाकल्या. सात पडले. लाल सोंगटी मधल्या घरात पोहोचली.

केवढा गलका झाला! ज्या बायकांनी वर्षभर रोप घेतलं नव्हतं त्याच यमुनेला हाताला धरून अंगणात घेऊन आल्या. कुणी तिला हळदीकुंकू लावलं, कुणी तिच्या तोंडात लाडू कोंबला. तानीच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. पण तानी माळेतून मान काढून आबांना शोधत होती. आबा गर्दीतून बाहेर चालले होते, आणि लोक त्यांना वाट देत होते, जरा जास्तच रुंद वाट. आबांनी कुणाला अडचण नको म्हणून आपणहूनच दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

मिरवणूक गावाच्या वावरात गेली. ओली काळी माती नांगरून तयार होती. गोजरा पाटलिणीने हरभऱ्याची परडी पुढे केली. "घे तानी. लाभाच्या हाताची पयली मूठ."

तानीने मूठ भरून घेतली. सगळे वाट बघू लागले. पण ती सरीकडे गेलीच नाही. ती सरळ बांधावर एकट्या उभ्या राहिलेल्या आबांकडे गेली.

"आबा, हात फुडं करा."

"नगं पोरी. हे हात आता—"

"करा ना!"

आबांनी हात पुढे केले. तानीने आपली मूठ त्यांच्या ओंजळीत रिकामी केली. सोनेरी हरभरे त्या मातकट हातांत टपटप पडले.

"अगं ए!" पाटलीण ओरडली. "हरत्या हातानं पेरलं तर गावाचं पीक जाईल!"

"काकी," तानी म्हणाली. ती मागे हटली नाही. "लाभाचा हात माझाच ना? मग माझी मूठ मी आबांना देते. आबा पेरनार नसतील तर मी बी पेरनार न्हाई."

बायका पाटलिणीकडे बघू लागल्या.  मग गर्दीतून यमुना पुढे आली. आत्ताच, या घटकेला, तिचा हात मोकळा झाला होता. तोच हात तिने आबांच्या ओंजळीखाली धरला.

"पेरा आबा," ती म्हणाली. "उगवलं न्हाई, तर पुन्हा माझा हात हरता म्हना. माझी पैज."

  तिघं सरीपाशी बसली आणि आबांनी ओंजळ मातीवर हळूहळू सोडली.

तेवढ्यात तानीला सरीवर सोनेरी धुळीची एक बारीक रेघ दिसली. चार रंगांचा घागरा गरकन फिरला, इवल्याशा टाचा मातीला लागल्या न लागल्या, आणि मातीतून एक हिरवं टोक डोकावलं. मग दुसरं. मग सरीभर हिरवे हिरवे कोंब सरसर वर आले, त्यांना बारीक पानं फुटली, आणि पानांआड गुलाबी जांभळी फुलं टिमटिम उमलली. लोकांनी तोंडात बोटं घातली. परी त्यांच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती. त्यांना दिसले फक्त आबांचे हात, आणि त्या हातांखालचं हिरवंगार रान.

गोजरा पाटलीण मोठी ठसक्याची बाई. पण ती परडी खाली ठेवून यमुनेपुढे आली.

"यमुने, वांग्याची रोपं हायत का गं?" तिने जमिनीकडे बघत विचारलं.

"हायत की, पाटलीणबाई."

"मग मला दे. आन लावून बी तूच दे." एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले. मग ती वळली आणि नेहमीच्या ठसक्यात गावावर ओरडली, "बघत काय हुबं ऱ्हायलासा? पेरा की! आन आबा, मला चार रांजण पायजेत, आव्यातनं पयले निघतील ते माझे!"

त्या दिवशी सगळ्या गावाने पेरलं. कुणाचा हात कसला, हे कुणी विचारलं नाही. पाडव्याचा डाव सोनतळ्यात अजूनही होतो बरं का. मात्र आता पैजेला करंज्या लावतात. करंज्या हरल्या तर माणूस फार तर तासभर तोंड पाडून बसतो, आणि बहुतेक वेळा जिंकणाराच त्याला एक आणून देतो.

गावकरी पेरणीत गुंतले तेव्हा तानी बांधावर आबांशेजारी जाऊन बसली. कवडुली परी हरभऱ्याच्या एका फुलावर पाय हलवत बसली होती. ती त्या दोघांनाच दिसत होती.

"आबा, तुमाला ही कुठं भेटली?"

"काल माझ्या चिखलात बुडाली हुती की ही. वर काढली, धुतली, पुसली, उनात ठेवली. मग म्हनाली, माझ्यापाशी एवढंच हाय देन्यासारखं, घे."

"मला बी तेच दिलं." तानी मातीत बोटाने रेघोट्या ओढू लागली. तिला सांगायलाच हवं होतं, आणि सांगवत नव्हतं. शेवटी तिला रडू फुटलं. "आबा, तुमचं पयलं दान पालथं पडलं ना, ते मी मागितलं हुतं. मी लहान मागितलं हुतं तुमच्यासाठी. आन तुमी मात्र पयल्यापासनं मला मोठंच मागत ऱ्हायलात. का मागितलंत?"

 आबांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या.

"लहान बी मागता येतं व्हय?" ते म्हणाले. "मला तर सुचलंच न्हाई."

परी हसू लागली. ती आधी हळू हसली, मग खुदखुदून हसली, आणि हसता हसता तिचा लाल, पिवळा, हिरवा, काळा घेर सगळा एकाच उजेडाचा झाला. तो उजेड फुलावरून पानांवर आला, पानांवरून सगळ्या वावरावर पसरला. पेरणाऱ्या माणसांनी क्षणभर मान वर करून पाहिलं आणि त्यांना वाटलं, आज ऊन किती छान पडलंय. फुलावर कुणीच नव्हतं.

तानीने डोळे पुसले. तिने वाकून आबांच्या पायांना हात लावला, आणि आबांनी आपला मातकट हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात तिने बराच वेळ तसाच राहू दिला.